डाव्या बाजूचो पाव्हणो

“कापणार कुठून?” मी विचारलं.

डॉक्टर इंगळे चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिले. कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात त्यांच्यासमोर रोज माणसं बसत असतील आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘मी वाचेन का’ असाच असेल. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, वैजयंतीने, पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

“उठा,” डॉक्टर म्हणाले. मी उठलो. त्यांनी पेनाच्या मागच्या टोकाने माझ्या डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीखालून पोटाकडे एक रेघ ओढली. “इथून इथपर्यंत. डावी किडनी, तिच्यातल्या लिंबाएवढ्या गाठीसकट, बाहेर काढायची. गाठ कॅन्सरची आहे हे फोटोवरून जवळजवळ नक्की आहे, पण अजून कुठे पसरलेली दिसत नाही. उजवी किडनी उत्तम आहे, माणूस एका किडनीवर आरामात जगतो. मेस्त्री, तुम्ही नशीबवान आहात. बुधवारी या, करून टाकू.”

मी त्या रेघेवर हात ठेवून उभा राहिलो. तिथूनच तर मी गात होतो.

“चैत्रानंतर केलं तर?”

“चैत्र?” डॉक्टर म्हणाले. “आत्ता तर मार्गशीर्ष चाललाय. तोवर ही गाठ तुमच्यासाठी थांबून राहील याची हमी मी देणार नाही. एवढं काय आहे चैत्रापर्यंत?”

“बाऱ्या,” मी म्हटलं.

घाटावरच्या माणसाला ते कळलं नाही, म्हणून इथे सांगून टाकतो. आमच्या सिंधुदुर्गात देवळाचा उत्सव असला की डबलबारी होते. समोरासमोर दोन मंच, दोन भजनी बुवा, प्रत्येकाची पेटी, पखवाज, झांजा आणि मागे साथीला कोरस. मधल्या मैदानात सगळा गाव लोटलेला असतो. आधी देवाचे अभंग होतात. मग गजर सुरू झाले की दोन्ही बुवांनी एकमेकांची सालं काढायची. गजरात काहीही चालतं, समोरच्याचं टक्कल, त्याची सासू, तो स्कूटरवरून कुठे आपटला तेसुद्धा. नियम एकच. समोरच्या बुवाने सवाल टाकला की टाळायचा नाही. आपल्या पाळीला सुरात उत्तर द्यायचं. उत्तर खरं असलं तर आपला पखवाजवाला त्यावर थाप मारतो, आणि थाप पडली की तो देवासमोर दिलेला शब्द. उत्तर नसेल तर पेटी मिटायची आणि घरी जायचं.

दिवसा मी सुतार. दारं करतो, खिडक्या करतो. पण त्यासाठी मला कोणी ओळखत नाही. मी अंकुशबुवा मेस्त्री, आणि माझा वरचा सूर अख्ख्या जिल्ह्यात एकाच माणसाला गाठता यायचा. तो म्हणजे लवूबुवा राऊळ. जन्माचा वैरी.

आता भीती कसली होती तेही सांगतो, कारण मरणाची म्हणाल तर ती मला तितकीशी नव्हती. माझ्या गुरूंनी मला लहानपणीच शिकवलं होतं की बुवाचा खरा भाता पेटीला नसतो, तो बरगडीखाली कुशीत असतो. तिथे सुरी लागली की खेळ संपला. आमच्या भजनी माणसांत हे सगळेच मानायचे. पोटाचं ऑपरेशन झालेले एक बुवा आम्ही पाहिले होते. नंतर ते दुसऱ्याच्या कोरसात झांज घेऊन बसायचे आणि समोर बघायचे नाहीत. त्यामुळे लघवी कोकमाच्या आगळासारखी लाल झाली तेव्हाही मी बरेच दिवस उन्हाळी लागली म्हणून दडपून नेलं होतं.

एसटी घाट उतरायला लागली तशी वैजयंती म्हणाली, “अवो, बुधवारी जाव या.”

“आणि मगे? झांज धरून बसू?”

“बसा. जिते बसा.”

“वैजू, माझो भातो फाटलो तर जितो ऱ्हवान मी करू काय?”

“दारां करा. खिडक्यो करा.”

मला तिचा असा राग आला की कणकवली येईपर्यंत मी पाठ फिरवून बसलो. उतरताना एवढंच म्हटलं, “कोणाक सांगू नको. लवूक कळला तर तो माका गजरात जितो पुरतलो. चैत संपलो काय मी आपणाहून जातलंय.”

ती पिशवी घेऊन पुढे चालू लागली. मी आपला तो होकार धरला.

रविवारी वेळवाडीच्या देवळात माझी आणि लवूची बारी होती. रात्री दशावतार असल्यामुळे बारी दुपारीच लावली होती. गावकऱ्यांनी पताका लावल्या होत्या, खाज्याची दुकानं आली होती, आणि माणूस इतका लोटला होता की पोरं फणसाच्या झाडावर चढून बसली होती. माझा पखवाजवाला दत्तू गावकर पखवाजाच्या डाव्या पुडीला, ती घुमावी म्हणून, कणीक लावत होता.

“बुवा, आज तुमचा तोंड कसला दिसता!” तो म्हणाला.

“कसला?”

“लग्नाच्या नवऱ्यासारख्या.”

खरंच तसं होतं. चैत्रापर्यंतच्या बाऱ्या माझ्या शेवटच्या, असं मनात धरल्यामुळे अंगात काहीतरी शिरलं होतं. पेटीवर बोट पडायच्या आधीच सूर गळ्यात येऊन उभा राहत होता. तेवढ्यात समोर बायकांच्या पहिल्या रांगेत मला वैजयंती दिसली. ती कधीच बारीला येत नसे, तिला आमची ही भांडणं आवडत नसत. आज नवी साडी नेसून ताठ बसली होती. मला वाटलं, शेवटचं ऐकून घ्यावं म्हणून आली असेल, आणि माझं मन भरून आलं.

मग पखवाज कडाडला आणि मी सगळं विसरलो. लवूबुवाने अभंग म्हटला, माणसं डोलली. मी त्याच्या वर एक सूर चढवून म्हटला, माणसं उठून उभी राहिली. कुशीत बारीक कळ होती, ती होती म्हणूनच की काय, मी आणखी वर गेलो. समोर लवूबुवाने दाद देत मान हलवली. शत्रूची मान हलली की बुवाला दुसरं काही नको असतं.

गजर सुरू झाले. लवूने पहिला हात घातला तो माझ्या धंद्यालाच.

“मेस्त्र्याचो दरवाजो बघा, एकदा उघडलो काय मिटना नाय,
तोंडसुद्धा तसलाच बुवाचा, बोलूक लागला काय मिटना नाय!”

मैदान हसलं. मी वाटच बघत होतो. लवू केसांना कलप लावायचा आणि घाम आला की तो कानशिलांवरून ओघळायचा.

“राऊळबुवान लावलो कलप, घाम इलो आणि खाली गळलो,
वरसून दिसता पोरगो कोणाचो, खालसून दिसता आजो!”

फणसावरून एक पोर खाली पडलं, इतका गलका झाला. लागलं नाही त्याला, तेही हसतच उठलं. लवू स्वतःसुद्धा हसला आणि पंच्याने कानशिल पुसून पंचा लोकांना दाखवला. काळा झाला होता. काय दिवस होता तो!

मग त्याची पाळी आली. त्याने पेटीवर हळू सूर धरला आणि एकेक शब्द सावकाश सोडला.

“डावे बाजूक पाव्हणो इलो, लिंबाएवढो होवन बसलो,
घरधनी म्हणता ऱ्हव रे बाबा, चैतापर्यंत ऱ्हव!”

लोक हसले. काही कळलं नव्हतं, पण चाल अशी मजेदार होती की हसूच येत होतं. कोरसाने धरली, मग सगळ्या मैदानाने धरली. चैतापर्यंत ऱ्हव, चैतापर्यंत ऱ्हव! म्हाताऱ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. पण मला कळलं होतं. ही गोष्ट तीनच माणसांना ठाऊक होती. डॉक्टर इंगळे काही वेळवाडीला येऊन लवूच्या कानाला लागले नसणार.

मी बायकांच्या रांगेकडे बघितलं. वैजयंतीने मान खाली घातली नाही. उलट सरळ माझ्या डोळ्यांत बघत राहिली.

लवूने हात वर करून मैदान थांबवलं. “अंकुशबुवा, सवाल घे! ह्या पाव्हण्याक घालवतलंस कधी?”

माझी पाळी. डोकं भणभणत होतं, पण बारीत डोकं गेलं तरी तोंड चालतं. मी झटक्यात जोडून म्हटलं,

“पाव्हणो माझो, घर माझा, जेवण वाढतंय मी,
शेजाऱ्याक कित्याक पोटशूळ, विचारता तो कधी!”

हशा, शिट्ट्या, टाळ्या. मी रुबाबात दत्तूकडे बघितलं. थाप पडली नाही.

“दत्तू, थाप!”

दत्तूचे हात पखवाजावर तसेच ठेवलेले. बिचाऱ्याला पाहुणा कोण, घर कुठलं, काहीच माहीत नव्हतं. पण पिढीजात पखवाजवाला होता. “बुवा,” तो हळूच म्हणाला, “त्यांनी ‘कधी’ विचारल्यानी. तुमी ‘कधी’ खय सांगितलास?”

“मार म्हणतंय!”

“नाय मारूचंय. देव बघता.”

मैदानाला काहीतरी वेगळं चाललंय याचा वास लागला. हसणं विरत गेलं. लवूबुवा उभा राहिला. गजरात बुवा सहसा उभा राहत नाही. त्याने माइक हातात घेतला.

“आता हसू नकात,” तो लोकांना म्हणाला. “हो पाव्हणो म्हणजे कॅन्सराची गाठ. ह्या माणसाच्या डाव्या किडनीत आसा. डॉक्टर म्हणता, बुधवारी ये, काढून टाकतंय, बरो होशीत. आणि हो म्हणता, नको. कित्याक? तर कुशीक सुरी लागली काय भातो फाटता, आवाज जाता. म्हणून आवाज सांभाळीत मराक बसलो आसा.”

मघाशी टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मला तर वाटलं मला नागडा करून उभा केलाय. रागाने माझे कान जळायला लागले. आयुष्यात मी मंचावर शिवी दिली नव्हती, तेव्हा तोंडाशी आलेली गिळली.

“तुझा काय जाता सांगूक?” मी माइकशिवायच ओरडलो. “तुझो भातो शाबूत आसा! फाटतलो तो माझो! तू हयच बसान गातलंस आणि मी थय कोरसात झांजो कुटतलंय!”

आणि मी पेटी मिटायला घेतली. पेटी मिटली म्हणजे हरलो, ते मला चालणार होतं. तिथे एक क्षणही बसायचं नव्हतं मला.

“मिटू नको,” लवू म्हणाला. “आधी हय बघ.”

त्याने माइक पेटीवर ठेवला, डावी कूस माझ्याकडे केली आणि सदरा गळ्यापर्यंत वर ओढला.

डाव्या बरगडीखालून पोटाकडे गेलेली एक जाड पांढुरकी वळकटी होती. डॉक्टरांनी पेनाने माझ्या अंगावर जिथे रेघ ओढली होती, अगदी तिथे.

“मुतखडो,” लवू सदरा तसाच धरून म्हणाला. “माझ्या लेकीचा लगीन झाला, त्याच्या आदल्या सालात. मुंबयक भावाकडे ऱ्हवाक गेललंय म्हणून सगळ्यांका सांगितलंय. खरा सांगितलंय असतंय तर ह्या अंकुशान माका गजरात सोलून काढल्यान असतो. आणि फाटको भातो म्हणून माका बारी कोणी दिली असती? म्हणून आजपावत उघड्या अंगान मी तळीवर आंघोळ केलंय नाय.” मग तो माझ्याकडे वळला. “आता सांग अंकुश. इतकी वर्सां वरच्या सुरार तुका कोण घाम फोडता? हो फाटको भातो!”

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? बरं वाटलं नाही, डोळे भरून आले नाहीत. मी भयंकर चिडलो. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याच्यापुढे जीव तोडून गात होतो, मानेच्या शिरा फुटेपर्यंत चढत होतो आणि तरीही ज्याच्या बरोबरीलाच राहत होतो, तो कुशीत शिवण घातलेला माणूस होता! आणि माझा भाता तर अजून कोराच होता!

आणि मग, त्या रागाच्या पाठोपाठच, हसू फुटलं. ते कुठून आलं कळलं नाही. मी हसत होतो, आणि कोल्हापूरहून आल्यापासून छातीवर बसलेलं ओझं उठून गेलं होतं. जगायचं होतं मला. गाऊनच जगायचं होतं, आणि ते जमण्यासारखं होतं! समोर उभा होता की पुरावा, सदरा वर करून!

“उत्तर दे,” लवू म्हणाला. “सुरात दे.”

मी पेटी उघडली. कोरसाला थांबा म्हणून खूण केली. एकट्यानेच सूर धरला, नेहमीच्या गजराचा नाही, थेट वरचा, आणि तिथून म्हटलं,

“येत्या बुधवारी! येत्या बुधवारी पाव्हण्याची पाठवणी करतलंय!”

दत्तूची थाप अशी पडली की पुडीची कणीक उडून माझ्या तोंडावर आली. मग जे झालं ते सांगता येणार नाही. माणसं नाचायला लागली. बुधवारी, बुधवारी, म्हणून अख्खं मैदान गात होतं. लवूने सदरा खाली घेतला, मांडी घालून बसला आणि माझ्याच गजराला झांज धरली. वैजयंती एकटीच जागेवर बसून होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

बारी कोणी जिंकली ते कोणी जाहीर केलं नाही. विचारलंही नाही कोणी.

टेम्पोतून घरी येताना मी तिला म्हटलं, “तू गेललंस लवूकडे.”

“गेललंय. पहाटेच गेललंय.”

“त्याच्याकडे? दुसरो कोण गावलो नाय तुका? माझो भाव होतो, दत्तू होतो!”

“त्यांचा तुमी ऐकला असता?” ती म्हणाली. “लग्न होवन इलंय तेव्हापासून बघतंय. माझ्या धा सवालांक तुमी उत्तर देणास नाय. लवूबुवांच्या एका सवालाक उत्तर दिल्याशिवाय तुमका झोप लागणा नाय.”

“आणि त्याची ती खूण? ती तुका ठावक होती?”

“नाय ओ. ते माका इतक्याच म्हणाले, वहिनी, तुमी घरी जावा, काय करूचा ता मी बघतंय. आज सदरो वर केल्यानी तेव्हाच माका कळला.” तिने पदर सावरला. “मी तर त्यांच्या पायार डोक्या ठेवलंय असता. बाईमाणूस पडलंय, म्हणून तितक्यार ऱ्हवलंय.”

मी बाहेर बघत राहिलो. तिला दिसू नये असं काहीतरी माझ्या तोंडावर झालं होतं.

बुधवारी डॉक्टर इंगळ्यांनी डावी किडनी गाठीसकट बाहेर काढली. गाठ आतल्या आत होती, काठ स्वच्छ निघाले, म्हणजे मागे काही राहिलं नव्हतं. हे ते मला आनंदाने सांगत होते आणि मी मान हलवत होतो. पण खोकायला सांगितलं की खोकत नव्हतो. छातीत कफ साठतोय, उशी कुशीला दाबा आणि खोका, म्हणून सगळे मागे लागले होते. मला भीती वाटत होती. दुखण्याची नाही. आतून काय आवाज येतोय तो ऐकायची. मंचावर दुसऱ्याची खूण बघून हसणं वेगळं, आणि आपल्या कुशीत टाके असताना आवाज काढून बघणं वेगळं. तीन-चार दिवस मी कुजबुजतच बोललो.

मग एका सकाळी लवूबुवा आला. शहाळी-बिहाळी काही नाही. स्टूल ओढून बसला. वैजयंतीने त्याला सगळं सांगितलं.

“सूर लाव,” तो म्हणाला.

मी नकारार्थी मान हलवली.

“लाव म्हणतंय. खालचो लाव, गरिबाचो.”

मी उशी दाबून धरली, डोळे मिटले आणि आवाज काढला. टाके पेटल्यासारखे झाले, आणि जे निघालं ते तेल न घातलेल्या बिजागरीसारखं करकरलं. वैजयंती खिडकीकडे वळली.

लवूने ऐकून घेतलं. “बेसूर,” तो म्हणाला.

“काय म्हणालंस?”

“बेसूर म्हटलंय. आवाज पडलो तर ता नशीब, समजान घेता येता. पण बेसूर? किडनीवांगडा कानसुद्धा काढल्यानी काय?”

माझं डोकं फिरलं. मला, अंकुशबुवा मेस्त्रीला, हा बेसूर म्हणतो! मी उशी बाजूला फेकली, कॉटचा दांडा धरला, ताठ बसलो आणि लावला सूर. खालचा नाही, मधला. दुखलं. डोळ्यांतून पाणी आलं इतकं दुखलं. पण सूर उभा राहिला. बारीक होता, हलत होता, पण माझा होता, आणि मी श्वास संपेपर्यंत तो सोडला नाही. मग जो खोकला आला त्याने चार दिवसांचा कफ बाहेर पडला.

शेजारच्या कॉटवरचा म्हातारा उठून बसला होता. वैजयंती रडत होती की हसत होती ते तिलाच ठाऊक. सिस्टर धावत आत आली.

“काय चाललंय काय इथे? पेशंटला टाके आहेत! तुम्ही आधी बाहेर व्हा बघू!”

लवूबुवा निमूट उठला. त्याचे डोळे लाल झाले होते. दारापर्यंत गेला आणि सिस्टरसमोर हात जोडून उभा राहिला.

“बाई, हेका लवकर बरो करून पाठवा,” तो म्हणाला. “वैशाखात माझी बारी आसा, आणि समोर दुसरो कोण माका नको.”